हुंबरडुल्ला

देवपुरातल्या भाजीबाजारात द्रौपदाबाईंनी मेथीची जुडी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि भाव विचारला. भाजीवाल्यानं सांगितला. शेजारच्या गाडीवरचा पोरगा मध्येच तोंड घालून म्हणाला की मागच्या गल्लीत याच्या निम्म्यानं मिळते. भाजीवाल्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यानं ऐकू नका, अक्का," तो म्हणाला, "तो बोलस ते बठ्ठं हुंबरडुल्ला शे."

द्रौपदाबाईंचा हात जुडीवर तसाच राहिला. हा शब्द त्यांनी शेवटचा ऐकला होता तो नवऱ्याच्या तोंडून, आणि झिपरू तायडे जाऊन आता पाच वर्षं होत आली होती. सावदा स्टेशनातल्या केळीच्या धक्क्यावर वाढलेला शब्द. धुळ्यात मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांनी तो कधी कुणाकडून ऐकला नव्हता. आज तो एकटाच एवढी वाट चालून आला आणि मेथीच्या ढिगाशेजारी उभा राहिला. परमुलखात माहेरचं माणूस दिसावं तसं त्यांना झालं.

"हा शब्द कुठून आनला रे, भाऊ?"

"मोबाईलमा येस ना, अक्का. तो बोदवडना भाईदास बोलस. आते बठ्ठं धुळं बोलस."

ज्या बाईनं कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट घेतल्याशिवाय कधी बाजार सोडला नाही, ती त्या दिवशी सांगेल तो भाव देऊन घरी आली. भाजीवालाच मागून बघत राहिला.

नात साक्षी कॉलेजातून आली तशी आजीनं तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही. साक्षीनं मोबाईल काढून दाखवला. भाईदास कोळी नावाचा एक पंचविशीतला पोरगा होता. बारीक अंगाचा, तोंडात वारं भरल्यासारखा बोलणारा. कधी तो भाषण ठोकणारा पुढारी व्हायचा, कधी लग्न जमवणारा मामा, कधी वजन उतरवायचं औषध विकणारी बाई. त्या सगळ्यांच्या थापा पुरेशा ऐकवून झाल्या की मान तिरकी करून म्हणायचा, "हुंबरडुल्ला." की संपला व्हिडिओ. लाखो लोक बघत होते. द्रौपदाबाईही दोन वेळा हसल्या, कारण पोरगा खरंच गुणी होता. पण तिसऱ्या व्हिडिओत त्याला कुणीतरी विचारलं की हा शब्द आणला कुठून. भाईदासनं कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "इथून. शब्द आपला, कारखाना आपला."

द्रौपदाबाईंचं हसू जागच्या जागी विझलं.

"तुह्या आज्याचा शब्द हाये तो," त्या म्हणाल्या. "त्याले सांग."

मुलगा प्रशील सरकारी कचेरीत इंजिनियर. कचेरीतून येऊन तो हातपाय धूत होता, त्याच्या कानावर हे गेलं आणि तो टॉवेल हातात घेऊनच बाहेर आला.

"आई, कुणाला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "या शब्दाचा अर्थ काय होतो? बकवास. फालतू बडबड. तू जाऊन सांगणार, हा माझ्या मालकांचा शब्द. मग उद्या लोक काय म्हणतील? बकवास कुणी काढली, तर झिपरू तायड्यांनी. बाबा जयंतीला भीमगीतं गायला उभे राहिले की सावद्यातच नाही, आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. लोकांनी ते लक्षात ठेवावं. हे कशाला?"

"तुले तो शब्दच ठाऊक नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या.

"मला ठाऊक नाही? मी धक्क्यावर बाबांचा डबा घेऊन जायचो."

"डबा आनत होता तू. शब्द कुठून आला ते डब्यात नव्हतं."

एवढं बोलून त्या मेथी निवडायला बसल्या. सांगायला पुष्कळ होतं, पण मुलगा असा टॉवेल खांद्यावर टाकून, निकाल लावून उभा असताना ते सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. लेकाला बापाचा अभिमान होता, यात शंका नव्हती. फक्त तो बापाचा अर्धाच भाग घेऊन बसला होता, आणि उरलेला अर्धा कुणीतरी उचलून नेत होतं तरी त्याला चालत होतं.

झिपरू हमाली करायचा त्या काळी सावदा स्टेशनातून केळी रेल्वेनं दिल्लीकडे जात. खोकी-बिकी नव्हती. अख्खे घड गाड्या भरभरून धक्क्यावर येत आणि धक्क्यावरून मालगाडीच्या डब्यात जात ते माणसांच्या हातांनी. माणसं ओळीनं उभी राहत, एकाच्या हातातला घड दुसऱ्याच्या हातात. घड जड, हात चिकानं बरबटलेले. देणाऱ्यानं लवकर सोडला किंवा घेणाऱ्यानं उशिरा धरला की घड खाली. आपटलेली केळी दिल्लीला पोचेपर्यंत काळी. म्हणून ओळीला ताल लागे, आणि ताल धरायला गळा लागे. तो गळा झिपरूचा होता.

झिपरू धक्क्यावर भीमगीतंच म्हणायचा, कारण त्याला तीच येत होती आणि तीच आवडत होती. टोळीत कोळी होते, तडवी होते, बौद्ध होते, मराठे होते. सगळ्यांना गाणं हवंच असायचं. एके दिवशी त्यानं स्वतः रचलेलं एक नवं गाणं लावलं. आईविना वाढणारा लहानगा भीम दिव्याखाली धडा गिरवतो, असं काहीतरी त्यात होतं. डब्याच्या तोंडाशी उभा असलेला उखर्डू कोळी, ज्याची स्वतःची आई त्याच्या लहानपणीच गेली होती, तो ऐकता ऐकता तिथून निघूनच गेला. म्हणजे अंगानं तिथंच होता, पण मनानं त्या दिव्याखाली जाऊन बसला. घड आला, हात उशिरा आले. घड दाराच्या लोखंडी पट्टीवर आदळला आणि मध्ये उखर्डूचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली.

झिपरू दवाखान्यात भेटायला गेला तर उखर्डू त्याच्यावर रागावलासुद्धा नाही. उलट म्हणाला, "गानं लई चांगलं होतं, झिपरूभाऊ. पुढचं कडवं राह्यलं ऐकायचं." झिपरूला वाटलं, चिडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं धक्क्यावर गाणं बंद केलं. नुसतं एक-दोन, एक-दोन म्हणून बघितलं, तर माणसं मनात घड मोजायला लागली आणि मजुरीच्या हिशेबात शिरली. तेव्हा झिपरूच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. शब्दाला अर्थ असला की माणूस अर्थाच्या मागे जातो, आणि हात मागे एकटे राहतात. बाबासाहेबांचं नाव ऐकायचं तर मांडी घालून, सगळं मन देऊन ऐकायचं. घड उचलताना अर्धवट ऐकायचं ते नाव नव्हे. धक्क्याला असा शब्द पाहिजे की ज्याच्या आत जाऊन बसायला जागाच नसेल.

तो शब्द घडला द्रौपदाबाईंच्या चुलीपुढे. झिपरूनं घरातला लाल भोपळा उचलला, एक शब्द म्हणायचा आणि भोपळा बायकोच्या हातात द्यायचा. मग विचारायचा, "मनात काय आलं?" टंगळ म्हटलं तर तिच्या मनात कामाला टंगळमंगळ करणारी धाकटी जाऊ आली. घुंगर म्हटलं तर सासऱ्यांचा बैल आला. डिंगर म्हटलं तर काय आलं ते तिनं सांगितलं नाही, पण हसू आवरेना. मनात काही आलं की शब्द बाद. असे कितीतरी बाद झाले. हुंबर म्हटल्यावर मात्र तिचं मन कोरं राहिलं.

पण हुंबर हा झाला देणाऱ्याचा शब्द. घेणाऱ्यानंही काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणजे देणाऱ्याला कळेल की आता सोडायला हरकत नाही. तिकडे तव्यावर भाकरी करपत होती, पोर रडत होतं आणि नवरा भोपळा पुढे करून हुंबर, हुंबर म्हणत होता. द्रौपदाबाई वैतागल्या, भोपळा खसकन ओढून घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डुल्ला."

झिपरू रिकाम्या हातांनी उभा राहिला.

"आता तुमी सांगा," त्या म्हणाल्या, "मनात काय आलं?"

"काहीच नाही," झिपरू म्हणाला, आणि एवढा आनंद त्याच्या तोंडावर त्यांनी लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ओळीचा एक माणूस हुंबर म्हणायचा, पुढचा डुल्ला म्हणायचा. जोवर डुल्ला येत नाही तोवर घड सोडायचा नाही, हा धक्क्याचा कायदा झाला. हात बरा होऊन उखर्डूही ओळीत परत आला, आणि त्यानंतर त्या ओळीत कुणाचं बोट गेलं नाही. झिपरू प्रामाणिक माणूस, तो टोळीला सांगायचा की अर्धा शब्द माझा आणि अर्धा आमच्या घरचीचा. टोळी हसायची. बायको हमालांचा शब्द काढते म्हणजे काय. त्यांना वाटायचं, झिपरूभाऊ गंमत करतो.

आणि शब्दाचा अर्थ बकवास झाला तो मुकादमाच्या कृपेनं. धक्क्यावर पाण्याचा माठ नव्हता. मुकादम दर उन्हाळ्यात म्हणायचा, उद्या माठ येतो. एका रणरणत्या दुपारी त्यानं तेच वाक्य परत म्हटलं, वर पुढच्या वर्षी छप्परही घालू म्हणाला. झिपरू डब्याच्या दारात उभा होता. त्यानं हातातला घड खाली ठेवला आणि नुसतंच म्हटलं, "हुंबर." खालून वीस माणसं एका आवाजात म्हणाली, "डुल्ला." मुकादमाला काय झालं ते कळलं नाही, पण सगळी ओळ आपल्याला हसतेय एवढं कळलं. संध्याकाळच्या आत माठ आला. तेव्हापासून सावद्यात कुणी पोकळ बोललं की लोक म्हणू लागले, हुंबरडुल्ला. माणसं कामं संपवून आपापल्या गावी गेली तसा शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

हे सगळं असं होतं. आणि भाईदास कपाळावर बोट टेकवून म्हणत होता, कारखाना आपला.

बापाच्या नकळत साक्षीनं भाईदासला मोबाईलवर लिहिलं की हा शब्द माझ्या आजोबांचा आहे. त्याचं उत्तर लगेच आलं. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि खाली, "आजींना घेऊनच ये. रविवारी दुपारी जळगावला शो आहे, स्टेजवर बोलावतो."

"आजी, तो तुझी टिंगल करेल," साक्षी म्हणाली. "सगळं सभागृह हसेल."

"हसू दे. हसनाऱ्या मानसायपुढंच राह्यली मी."

प्रशीलला कळलं तेव्हा तो चिडला. पण आईला रविवारच्या गर्दीत एसटीनं पाठवणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्यानं गाडी काढली. "मी पोचवतो," तो म्हणाला, "पण आत येणार नाही. गाडीतच बसेन." द्रौपदाबाई जयंतीची पांढरी साडी नेसून मागे बसल्या. मांडीवर एक चांगला मोठा लाल भोपळा होता. हा कशाला, असं प्रशीलनं आरशात बघून विचारलं. त्या म्हणाल्या, "लागन."

जळगावचं सभागृह तरुण पोरापोरींनी भरलेलं होतं. निम्म्यांच्या अंगात हुंबरडुल्ला लिहिलेले टी-शर्ट. भाईदासनं तासभर सगळ्यांना हसवलं आणि मग म्हणाला, "आज आपल्याकडे पाहुण्या आल्या आहेत. आजींचं म्हणणं आहे की हुंबरडुल्ला त्यांच्या घरचा आहे. म्हणजे मी त्यांचा घरजावईच झालो."

हशा पिकला. साक्षीचा हात धरून द्रौपदाबाई पायऱ्या चढल्या. बगलेतला भोपळा बघून पोरं आणखी हसली. भाईदासनं वाकून नमस्कार केला, मनापासून केला, आणि माईक त्यांच्यापुढे धरला.

"तुह्या डोक्यात हा शब्द कुठून आला, बाबू?"

"आजी, माझ्या डोक्यात सगळं आपोआपच येतं."

"कोनाचा नातू तू?"

"बोदवडच्या उखर्डू कोळींचा. माझे आजोबा ते."

द्रौपदाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. नाक तेच होतं. "डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्यायले," त्या म्हणाल्या.

भाईदासचा हात खाली आला. "तुम्हाला कसं माहीत?"

"बोटं कशी गेली, सांगितलं नाही तुले?"

"गाणं ऐकताना गेली म्हणायचे." तो थांबला. "आम्ही घरातले हसायचो. कुणाची बोटं गाणं ऐकून जातात का? आणि हा शब्द... तेच म्हणायचे, आजी. टीव्हीवर कुणी भाषण सुरू केलं की म्हणायचे. आजोबांचं बोलणं ते, त्याचा मालक कुठं शोधायचा? म्हणून मी माझं म्हणालो."

सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. द्रौपदाबाईंनी सांगायला सुरुवात केली. धक्का सांगितला, गाणं सांगितलं, उखर्डूची बोटं सांगितली, माठ सांगितला. माठाला परत हशा आला आणि त्यांनी तो पुरता येऊ दिला.

"आमच्या प्रशीलले वाटते," मग त्या म्हणाल्या, "हे बकवासीचं नाव हाये, बापाले लागू नये. तर ऐका. ज्याच्याजवळ एवढी अर्थाची गानी होती, त्या मानसानं एक शब्द मुद्दाम रिकामा ठेवला. कोनाचं बोट जाऊ नये म्हनून. तो झिपरू तायडे. मी त्यायची बायको. मले त्यायच्या गान्याचा जेवढा अभिमान हाये तेवढाच या शब्दाचा हाये. आन् हुंबर त्यायचं. डुल्ला माहं हाये, ते मीच काढलं."

त्यांनी भोपळा दोन्ही हातांत घेतला आणि भाईदाससमोर धरला. "धर. पन मी सोडनार नाही. जवाब आल्याबिगर सोडाचं नाही, असा आमच्या धक्क्याचा कायदा हाये." मग त्यांनी सभागृहाकडे तोंड केलं आणि हाक दिली.

"हुंबर..."

कुणी काही बोललं नाही. या पोरांनी तो शब्द हजार वेळा म्हटला होता, छातीवर मिरवला होता. पण तो दोन माणसांनी मिळून म्हणायचा असतो हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भाईदासही हात पुढे करून नुसता बघत होता. सत्तरी ओलांडलेल्या हातांत तो भोपळा जड होत चालला होता. कोपरं थरथरायला लागली. साक्षी पुढे झाली तर आजीनं मानेनंच तिला मागे सारलं. आता उत्तर आलं नाही तर हा शब्द उद्यापासून नुसता टी-शर्टावरच राहणार, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरी त्यांनी सोडला नाही.

"डुल्ला."

मागच्या दारातून आवाज आला. जाड, जरा घोगरा, पण तालात. द्रौपदाबाईंच्या कानांना तो आवाज झिपरूचा होता. साऱ्या माना मागे वळल्या. दारात प्रशील उभा होता, गाडीची किल्ली हातात तशीच. कधी आत आला होता आणि काय काय ऐकलं होतं, कुणास ठाऊक. डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

द्रौपदाबाईंनी भोपळा सोडला. भाईदासनं तो झेलला, छातीशी धरला.

"हुंबर," त्या परत म्हणाल्या.

या वेळी सगळं सभागृह म्हणालं. भाईदासनं भोपळा पुढच्या रांगेत दिला, तिथून तो मागे निघाला, हातांवरून हातांवर. प्रत्येक हाताला आजी हुंबर म्हणत होत्या आणि शे-दोनशे पोरं डुल्ला म्हणत होती. भोपळा शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि प्रशीलच्या हातात पोचला. कुठंही पडला नाही.

भाईदासनं माईक तोंडाशी घेतला तेव्हा त्याला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. "शब्द झिपरू तायडे आणि द्रौपदाबाई तायडे यांचा," एवढंच तो म्हणाला. मग खाली वाकून हळू विचारलं, "आजी, मग आता मी म्हणू की नको?"

"म्हन ना रे. बोलासाठीच हाये तो. नाव घेत जाय फक्त. आन् तुह्या आज्याचंही घे, त्याच्या बोटायवर उभा हाये तो शब्द."

परतताना पारोळ्याला चहासाठी थांबले. भोपळा आता पुढच्या सीटवर, साक्षीच्या मांडीवर होता. प्रशीलनं आईचा चहा बशीत ओतून तिच्यापुढे धरला.

"डुल्ला तुझं आहे, हे बाबांनी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"रोज सांगत होते. टोळी हसे. तूही त्यायच्यात हसत होता, डबा घेऊन."

द्रौपदाबाईंनी बशीतला चहा फुंकून प्यायला, बशी खाली ठेवली आणि लेकाकडे वर बघितलं. एवढ्या अभिमानानं त्यांनी त्याच्याकडे तो इंजिनियर झाला तेव्हाही बघितलं नव्हतं.

"गळा तुह्या बापाचाच हाये," त्या म्हणाल्या. "पन जवाब उशिरा देला तू. घड पडला असता."